सुसंवादकाका

आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी आवाज चढला की बी-विंगच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते. खिडकीत सुसंवादकाका उभे असतात आणि भांडण ऐकता ऐकता त्यांचे ओठ हलत असतात. नवख्या माणसाला वाटेल, काकांचा जप चालला आहे. प्रत्यक्षात ते त्या भांडणातलं एकेक वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करत असतात. ‘तू कधीच वेळेवर येत नाहीस!’ हे वाक्य पार्किंगमधून वर पोचेपर्यंत काकांच्या ओठांवर त्याचं ‘तुला उशीर झाला की मला काळजी वाटते’ झालेलं असतं.

ही युक्ती थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्यांनी १९६२ साली पालकांसाठी वर्ग सुरू केले, त्यातली. दोष देणारं ‘तू’ काढायचं आणि आपलं दुखणं सांगणारं ‘मी’ घालायचं. घरातल्या घरात ती बरी चालते. काकांना मात्र ती इतकी आवडली की त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलं, ‘दूध पातळ दिसलं की मला फार असुरक्षित वाटतं.’ दूधवाल्याने दुसऱ्या दिवशी काकूंना बाजूला घेऊन विचारलं, ‘काकांची तब्येत बरी आहे ना?’

काका एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर डोंबिवलीकर माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी करून पाहिलं. हास्यक्लब झाला, गीतेचा वर्ग झाला, सोसायटीचं सचिवपद झालं. सचिवपदाच्या काळात पाण्याच्या टाकीवरून जे रामायण घडलं, त्यानंतर ते मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून काकूंबरोबर अमेरिकेला गेले. मुलगी मिनेसोटात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत काकू डिंकाच्या लाडवात, जावई लॅपटॉपमध्ये आणि काका रिकामे. रिकामा सासरा घरात वावरला की काय होतं हे ओळखून मुलीने त्यांना थोरल्या नातीच्या वर्गाला धाडलं.

तो वर्ग म्हणजे त्या राज्यात १९७४ पासून सरकारी शाळांमार्फत चालणारा एक कार्यक्रम. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईबाप एकत्र येतात. थोडा वेळ सगळे मिळून खेळतात, मग मुलं एका खोलीत राहतात आणि मोठी माणसं दुसऱ्या खोलीत जाऊन बोलत बसतात. मूल चावतं, झोपत नाही, जेवताना तोंड मिटून घेतं, असे विषय. काका वीतभर खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. समोर बसलेल्या बाईंनी ओळख करून देताना सांगितलं की पालकांना शिकवण्याचा राज्याचा परवाना त्यांच्याकडे आहे.

परवाना म्हणताच काकांमधला बँकवाला ताठ बसला. पालकांना शिकवायला परवाना! आपल्याकडे त्यासाठी एक हॉल आणि एक माइक पुरतो. कित्येकदा माइकही लागत नाही.

मग त्यांनी शोध घेतला. त्याच राज्यात नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स या संस्थेचं कार्यालय आहे. संस्था १९३८ची. १९८५ पासून ती कौटुंबिक जीवन शिक्षकांना प्रमाणपत्र देते. त्याचे विषय दहा: कुटुंब आणि समाज, कुटुंबाच्या आतल्या घडामोडी, जन्मापासून म्हातारपणापर्यंतची वाढ, लैंगिकता, परस्परसंबंध, घरातल्या पैशाची-वेळेची व्यवस्था, पालकत्व, कायदे आणि धोरणं, व्यावसायिक नीती, आणि हे सगळं शिकवायचं कसं. प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं, असंही नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी शंभर तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. प्रमाणपत्राला तिकडे या विषयातला अभ्यासक्रम किंवा परीक्षा आणि कामाचा अनुभव लागतो. काकांनी संस्थेला ईमेल लिहून विचारलं, की कर्जवसुलीच्या निमित्ताने आपण शेकडो कुटुंबांच्या घरात जाऊन आलो आहोत, तो अनुभव धरता येईल काय? उत्तर अत्यंत सभ्य आलं. त्यात नकार होता, पण तो सापडायला काकांना दोनदा वाचावं लागलं. ते पत्र ते अजून संवादकौशल्याचा नमुना म्हणून वाचून दाखवतात.

प्रमाणपत्र नाही मिळालं, पण दहा कलमांची यादी मिळाली. ती लॅमिनेट होऊन फ्रिजवर लागली आणि काका डोंबिवलीत कौटुंबिक जीवन शिक्षक म्हणून रुजू झाले.

वास्तविक यासाठी मिनेसोटापर्यंत जायचं कारण नव्हतं. ताराबाई मोडकांनी आपलं आयुष्य बालशिक्षणात घातलं आणि ‘शिक्षणपत्रिके’तून मराठी आईबापांना मुलं कशी वाढवायची ते सांगितलं. ‘पालकनीती’ मासिक पुण्यातून १९८७ पासून निघतं आहे. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी टाटा संस्था तर १९३६ची, मुंबईतच, काकांच्या लोकलच्या पासात बसणारी. पण आपल्याकडे वस्तू परदेशातून आली की तिला प्लॅस्टिकचं आवरण राहू द्यायची पद्धत आहे. यादीवरचं आवरण काकांनी म्हणूनच काढलेलं नाही.

मग सुरू झाली प्रशिक्षणं. शनिवार-रविवारची निवासी, एक दिवसाची, ऑनलाइन आठ सत्रांची. ज्या फोल्डरात पूर्वी मुदतठेवींच्या पावत्या असत, त्यात आता प्रमाणपत्रं आहेत. प्रत्येकावर मुदतीची तारीख नाही याचं काकांना वाईट वाटतं.

अशा एका शिबिराला त्यांनी मलाही नेलं. हॉलमध्ये सतरंजीवर गोल करून आम्ही सगळे बसलो. ओळखीचा खेळ म्हणून लोकरीचा गुंडा आला. लोकर आपल्या बोटाला गुंडाळायची, गुंडा समोरच्याकडे फेकायचा आणि फेकताना आपल्या घरातली एक चांगली गोष्ट सांगायची. गुंडा सगळ्यांकडे फिरला की मध्ये मोठं जाळं तयार होतं आणि संयोजक हात पसरून म्हणतात, ‘हे बघा, हेच कुटुंब!’ त्या दिवशी नेमका तेव्हाच चहा आला. जो तो बोटांनी अडकलेला, उठता कुणालाच येईना. चहावाल्या पोराने ट्रे धरून थोडा वेळ वाट पाहिली आणि कात्री मागितली. संयोजकांनी कात्री हा विषय चर्चेला घेतला. चहा गार झाला.

ओळखी सांगताना लक्षात आलं, की जमलेल्यांत पालक म्हणून आलेला मी एकटाच. बाकी सगळे प्रशिक्षक. कोणी विवाहपूर्व मार्गदर्शन करणारे, कोणी पालकत्वाचे, कोणी ‘प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणा’चे प्रशिक्षक. या शनिवारी यांनी घ्यायचं आणि त्यांनी बसायचं, पुढच्या शनिवारी त्यांनी घ्यायचं आणि यांनी बसायचं. फीसुद्धा तीच, या खिशातून त्या खिशात. थोडक्यात, भिशी. फक्त भिशीत शेवटी हातात पैसे तरी येतात.

दुपारच्या सत्रात जिनोग्राम. कुटुंबाचा नकाशा म्हणा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नवरा-बायकोला जोडणारी रेघ, त्याखाली मुलं. भांडण असेल तिथे नागमोडी रेघ, अबोला असेल तिथे तुटक. परदेशी पुस्तकांत हे नकाशे सुबक दिसतात. काकांनी स्वतःच्या आजोळचा, म्हणजे आईकडचा, काढायला घेतला. आजोबांना सात मुलं, त्यातल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. काकांच्या आईच्या चुलतभावाने मामाची मुलगी केलेली, त्यामुळे एकाच वर्तुळाला दोन दिशांनी रेघा. शेताच्या बांधावरून जे काही १९७२च्या दुष्काळात झालं, त्याच्या नागमोडी रेघा काढता काढता स्केचपेन संपलं. कार्डशीट फरशीवर सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत गेला. संयोजकांनी विचारलं, ‘यात तुम्ही कुठे आहात?’ काका चष्मा वर करून बराच वेळ शोधत राहिले. शेवटी म्हणाले, ‘मागच्या बाजूला येईन.’

काकांचं खरं कसब दिसतं ते सहाव्या कलमात आणि त्याला ते स्वतः फार कमी लेखतात. घरातल्या पैशाचा विषय आला की हॉलमध्ये पेंगणारी माणसं सावध होतात. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांसाठी सांभाळणारा विश्वस्त असतो. मृत्युपत्र नसेल तर पैसे वारसा कायद्याप्रमाणे वाटले जातात. हे काका ज्या सोपेपणाने सांगतात तसं वकीलही सांगत नाहीत. जोडखात्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ ही नोंद आहे की ‘दोघांच्या सहीने’, हे आज घरी जाऊन बघा, एवढं एकच वाक्य ऐकून गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या विधवा वहिनींचं अर्ध्या वर्षाचं काम सुटलं. पण काकांना हे शिकवताना कंटाळा येतो. ‘हे काय, हे बँकेचं!’ म्हणत ते घाईने दुसऱ्या आणि पाचव्या कलमाकडे वळतात, जिथे भावना आहेत, रेघा आहेत, स्लाइडवर सूर्यास्त आहे.

आणि चौथं कलम? ते आजवर कोणत्याही कार्यशाळेत झालेलं नाही. वेळेअभावी. दहा कलमांचं वेळापत्रक काका असं आखतात, की तिसरं संपतं तेव्हा जेवणाची वेळ होते आणि जेवणानंतर पाचवं सुरू होतं. कुणी विचारलंच, तर खाली बघून, घसा साफ करून म्हणतात, ‘त्याचं हँडआउट दिलेलं आहे.’ हँडआउटमध्ये फुलांचं परागीभवन आहे.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने याच विषयापायी विल्सन कॉलेजची नोकरी गमावली, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांना प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं, प्रमाणपत्र तर नाहीच. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात राणीताई बंग ‘तारुण्यभान’च्या शिबिरांत मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोलतात. आणि डोंबिवलीत, जिथे दर खिडकीत वायफाय आहे, तिथे काका परागकण उधळतात. मी त्यांना हे एकदा बोललो. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, ‘श्रोत्यांचा अभिप्राय: चौथे कलम.’ त्यापुढे कंसात ‘विचाराधीन’.

घरचं सांगायचं तर दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे कुटुंबसभा भरते. हीही कल्पना बाहेरची, ॲडलर या मानसशास्त्रज्ञाचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी प्रसार केलेली: घरातल्या लहानथोरांनी आठवड्यातून एकदा बसायचं आणि घरचे प्रश्न बरोबरीने सोडवायचे. काकांनी तिला बँकेचं वळण दिलं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक तीन, ओला टॉवेल. विषय क्रमांक चार, ओला टॉवेल (पुढे चालू). मुलगा कॅमेरा बंद असल्यासारखा चेहरा करून बसतो. सून गवार मोडत बसते. तिच्या मते सभेने तिचा भाजी निवडण्याचा वेळ चांगला जातो. काकूंना चहाचा डबा कुठे ठेवावा यावर सूचना करताना काका एकदा चुकून ‘तू’ म्हणाले, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, मी तुमच्या पद्धतीने सांगते हं. तुम्ही स्वयंपाकघरात आलात की मला असं वाटतं, की तुम्ही बाहेर जावं.’ इतिवृत्तात हे वाक्य ‘उत्तम प्रयोग’ असा शेरा मारून नोंदलं आहे.

सभेचा फायदा एकालाच झाला, आठ वर्षांच्या नातवाला. तो सगळ्यांना बोलताना मध्ये तोडत नाही, कुणी तोडलं तर हात वर करून ‘नियम तीन’ म्हणतो. शाळेत बाईंना म्हणाला. दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणं आलं.

आता काकांच्या पायऱ्यांबद्दल. मिनेसोटाचेच अभ्यासक विल्यम डोहर्टी यांनी १९९५ साली एक मांडणी केली, ती काकांच्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे. कुटुंबाच्या भानगडीत शिकवणाऱ्याने किती खोल उतरावं, याच्या पाच पायऱ्या. पहिलीवर कुटुंबाशी नावापुरता संबंध. दुसरीवर माहिती आणि सल्ला. तिसरीवर भावना ऐकणं, आधार देणं. चौथीवर एखाद्या नेमक्या अडचणीत थोडकी, ठरलेली मदत. पाचवी पायरी कौटुंबिक उपचाराची, ती त्या शास्त्रात रीतसर तयार झालेल्यांची. शिकवणाऱ्याने तिथे पाय ठेवायचा नाही.

काका ही शिस्त फार पाळतात. कुणाशीही बोलताना आपण कितव्या पायरीवर आहोत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तिसऱ्या पायरीवर मान एका बाजूला कलते. चौथीवर चष्मा निघतो. अडचण अशी, की आमच्या सोसायटीत बाकी कुणी डोहर्टी वाचलेला नाही. तळमजल्यावरच्या आजी नव्या सुनेला जिन्यात गाठून पहिल्याच भेटीत ‘दोन वर्षं झाली ना गं? डॉक्टरला दाखवलं का? दोष कुणात?’ असं थेट पाचव्या पायरीवरून सुरू करतात. इस्त्रीवाल्याला कुणाच्या घरी कोण वेगळं झोपतं हे चादरींच्या संख्येवरून कळतं आणि त्यावर त्याचं मतही असतं. या सगळ्यांत काका एकटेच असे, की ज्यांना कुठे थांबायचं ते माहीत आहे. त्यामुळे लोक त्यांना जरा मंद समजतात.

मलाही ते तसेच वाटायचे. मग गणपतीनंतर महिला मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं ‘नात्यातला संवाद’ हे सत्र झालं. लोक पांगले. मी खुर्च्या रचत होतो, काका प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. मागच्या रांगेतली एक बाई थांबली होती. तिने पर्समधून त्यांचंच हँडआउट काढलं आणि म्हणाली, ‘काका, हे मी-वाक्य मी बोलून बघितलं. तरी हात उचलतोच तो. माझं बोलण्यात काय चुकतंय?’

आता मान कलणार, चष्मा निघणार, अशी माझी खात्री होती. काकांनी वायर खाली ठेवली. म्हणाले, ‘तुमचं काही चुकत नाही. मारहाण हा बोलण्याचा प्रश्नच नाही. त्याला मी शिकवतो ते चालत नाही.’ मग विचारलं, आज घरी जाणं सुरक्षित आहे का, मुलं कुठे आहेत. १८१ ही महिलांची हेल्पलाइन सांगितली, लगेच धोका वाटला तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ सालचा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतो, अर्ज त्याच्याकडे करता येतो, राहत्या घरातून हुसकून लावता येत नाही. महिला व मुलांसाठी पोलिसांबरोबर काम करणारे विशेष कक्ष आहेत. पहिला १९८४ साली टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केला, आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथे समाजकार्य शिकलेल्या बायका बसतात. हे सगळं त्यांनी सावकाश, खातं उघडायला आलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं आणि दोनदा सांगितलं. कागदावर लिहून द्यायला निघाले आणि थांबले. कागद घरी सापडला तर? त्यांनी तिला तिच्या फोनमध्ये नंबर ‘गॅस बुकिंग’ या नावाने साठवायला लावला. ती फोन लावून बोलेपर्यंत दाराबाहेर उभे राहिले. नवऱ्याला बोलावून समजावतो, असं एकदाही म्हणाले नाहीत. सोसायटीतल्या इतर कुणीही हेच पहिल्यांदा म्हटलं असतं आणि त्या रात्री तिचे आणखी हाल झाले असते.

हे कुठे शिकलात, असं मी परत येताना विचारलं. ‘नववं कलम,’ काका म्हणाले. ‘आपलं काम कुठे संपतं ते. दोन दिवसांचं निवासी होतं. जेवण फार वाईट होतं.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ए-विंगमध्ये पार्किंगवरून जुंपली आणि तिसऱ्या मजल्यावरची खिडकी नेहमीप्रमाणे उघडली.

तर सांगायचं असं, की येत्या दिवाळीनंतर काकांच्या कार्यशाळा पुन्हा सुरू होत आहेत. फी तीनशे रुपये, चहा-बिस्किटासह. लोकर नाही, असं त्यांनी कबूल केलं आहे. तुमच्या सोसायटीचा हॉल रिकामा असेल तर बोलवा. नवराबायको दोघांनी या, पासबुकं बरोबर आणा आणि पैशाचं सत्र चुकवू नका. फक्त वेळापत्रक हातात पडताच जेवणाची वेळ अर्धा तास पुढे ढकला आणि चौथं कलम घेतल्याशिवाय त्यांना उठू देऊ नका.